टर्बाइनच्या पात्यावरचा टवका, तडा आणि उडालेला लेप: दुरुस्ती कशाची आणि नजर कशी ठेवायची

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. वायूवर चालणाऱ्या वीज केंद्रात काम करताना आपल्याला असे दिसले, की कॉम्प्रेसरच्या, म्हणजे आत येणारी हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यावरील मिलिमीटरभर टवक्यासाठी यंत्र बंद ठेवण्याचा आग्रह धरला जातो, आणि टर्बाइनच्या, म्हणजे तप्त वायूने फिरणाऱ्या भागाच्या, पात्यावरील लेप चांगला बोटभर उडालेला असूनही तेच पाते पुढच्या तपासणीपर्यंत चालवायला परवानगी मिळते. हे तर्काला धरून कसे, असा आपला पहिला प्रश्न आहे. तापमान, कंपने आणि इंधनाचा प्रवाह यांची नोंद सतत होत असताना बोरस्कोप, म्हणजे टोकाशी कॅमेरा असलेली बारीक नळी, घालून आत पाहण्याची गरज उरते का, हा दुसरा. आणि दुरुस्त केलेले पाते नव्याइतके चांगले असते का, हा तिसरा. माझे काम मुंबईतील एका दुरुस्ती शॉपमध्ये विमानांच्या इंजिनांवर झालेले असल्यामुळे उदाहरणे मुख्यतः तिथली देतो. धातूचे वागणे दोन्हीकडे सारखेच असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नुकसानाच्या आकारात नाही, त्या पात्यावर कोणता भार येतो यात आहे. कॉम्प्रेसरचे पाते पातळ असते. पुढच्या टप्प्यांत, म्हणजे पात्यांच्या पुढच्या रांगांत, ते बहुधा टायटॅनियमचे आणि मागच्या, तापलेल्या टप्प्यांत पोलादाचे किंवा निकेल मिश्रधातूचे असते. फिरताना ते मुळापासून बाहेरच्या दिशेने ओढले जाते आणि त्याच वेळी हवेच्या धक्क्यांनी थरथरत असते. ही थरथर एरवी निरुपद्रवी असते, पण पुढच्या काठावर धारदार बुडाचा टवका पडला की त्या बुडाशी ताण कित्येक पटींनी वाढतो. कापडाच्या दुकानात थानाला आधी कात्रीने लहानशी चीर दिली की पुढे ते सरळ फाटत जाते, तसेच हे आहे. फरक एवढाच, की सेकंदाला २,००० वेळा थरथरणारे पाते तासाभरात ७२ लाख आवर्तने पूर्ण करते. त्यामुळे अशा कंपनातून तडा एकदा वाढू लागला, की पुढच्या तपासणीची वाट पाहण्याइतका वेळ हाती राहीलच असे नाही.

म्हणून देखभाल पुस्तिकेत पात्याचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागासाठी वेगळी मर्यादा दिलेली असते. टोकाजवळ बरीच सवलत असते, मधल्या भागात कमी, आणि मुळाजवळच्या भागात ती जवळजवळ नसतेच. गोल बुडाचा मोठा पोचा काही ठिकाणी चालतो, तर त्याच ठिकाणी नखाने जाणवेल एवढा धारदार टवका चालत नाही. नवशिक्या तंत्रज्ञाला हे उलटे वाटते, कारण डोळा आकार मोजतो आणि पाते ताण मोजते.

टर्बाइनच्या पात्यावरचा लेप ही वेगळी गोष्ट आहे. उच्च दाबाच्या टर्बाइनमध्ये येणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तप्त असू शकतो. पाते टिकते ते आतून वाहणाऱ्या थंड हवेमुळे, छिद्रांतून बाहेर पडून पृष्ठभागावर पसरणाऱ्या हवेच्या पडद्यामुळे, आणि यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाच्या उष्णतारोधक लेपामुळे. हा लेप मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच जाड असतो. तो एखाद्या जागी उडाला तर तिथला धातू अधिक तापतो, ऑक्सिडीकरण वाढते, आणि ताणाखाली धातू हळूहळू लांबत जाण्याची क्रिया, जिला आम्ही क्रीप म्हणतो, ती वेग घेते. या सर्व क्रिया तासांच्या आणि उड्डाणांच्या हिशेबात चालतात, त्यांचा वेग बऱ्यापैकी माहीत असतो, आणि म्हणूनच पुस्तिका ‘अमुक आवर्तनांनंतर पुन्हा पाहा’ अशी मुभा देऊ शकते. इथे आणि पुढे आवर्तन म्हणजे थरथरण्याचे नव्हे, तर इंजिन सुरू होऊन बंद होईपर्यंतचे, विमानात एका उड्डाणाचे. ही मुभा सरसकट मात्र नसते. पुढच्या काठावर लेप गेलेला आहे आणि शेजारची थंड हवेची छिद्रे धुळीच्या काचेसारख्या थराने बुजलेली आहेत, अशी जोडी दिसली तर मी ते पाते वेगळ्या नजरेने पाहतो, कारण तिथे तीनपैकी दोन संरक्षणे एकाच वेळी गेलेली असतात. हा काचेसारखा थर कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचा असतो; साधारण १,२०० अंश सेल्सियसच्या वर तो वितळून लेपाच्या फटींत शिरतो आणि थंड होताना लेपाला उकलून काढतो. आखातातील आणि उत्तर भारतातील धुळीत चालणाऱ्या इंजिनांत तो अधिक दिसतो.

आता कॉम्प्रेसरच्या टवक्याच्या दुरुस्तीकडे वळतो. तिला ब्लेंडिंग म्हणतात, आणि ऐकायला ती कानस मारण्याइतकी सोपी वाटते. टवक्याच्या दोन्ही बाजूंचा धातू काढून धारदार खाचेच्या जागी लांबट, उथळ आणि गुळगुळीत वळण तयार करायचे, एवढाच तिचा अर्थ. वळणाची लांबी खोलीच्या किती पट असावी हे पुस्तिकेत दिलेले असते आणि त्यात तडजोड करता येत नाही. परंतु खरे काम तपशिलात असते. टवक्याच्या बुडाशी धातू दबून कठीण झालेला असतो आणि त्यात केसासारखा तडा असू शकतो, म्हणून दिसणारा टवका नाहीसा झाल्यावरही थोडा धातू आणखी काढावा लागतो. टायटॅनियमवर जोर लावून यंत्र फिरवले तर जागा तापते. प्रथम गवती पिवळा आणि मग निळा रंग दिसू लागला, की तिथला धातू ठिसूळ झाल्याची शंका घ्यावी लागते, आणि मग टवका निघाला असला तरी पाते वाचले असे म्हणता येत नाही. शेवटचे पॉलिश पात्याच्या लांबीच्या दिशेने करायचे असते, आडवे नाही, कारण आडवा राहिलेला प्रत्येक बारीक चरा ओढीच्या दिशेला काटकोनात येतो आणि आपण काढलेल्या टवक्याची लहान आवृत्तीच मागे ठेवतो. पोलादावर वापरलेला दगड टायटॅनियमला लावायचा नाही. काम झाल्यावर चमकत्या रंगद्रव्याची तपासणी करून, म्हणजे द्रव लावून, पुसून, अतिनील प्रकाशात पाहून, तडा नसल्याची खात्री करायची, आणि पात्याचा क्रमांक, जागा व काढलेली खोली नोंदवायची. इंजिन विमानावर असतानाच बोरस्कोपच्या मार्गातून लहान यंत्र आत घालूनही ब्लेंडिंग करता येते. त्याने संपूर्ण इंजिन उतरवण्याचा खर्च वाचतो, पण तिथे हाताला स्पर्श नसतो, फक्त पडद्यावरचे चित्र असते, म्हणून ते काम खास प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करावे, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या प्रश्नावर मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे होणारा गैरसमज महागात पडतो.

सतत चालणारे मापन ज्या गोष्टी उत्तम सांगते, त्या संपूर्ण टप्प्याच्या असतात. पात्यांची टोके घासून आवरण आणि टोक यांमधली फट वाढली, कॉम्प्रेसरची पाती धुळीने झिजली, किंवा त्यांच्यावर मीठ आणि काजळी बसली, की तेवढ्याच जोरासाठी अधिक इंधन लागते आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान वाढते. टर्बाइनच्या टोकाची फट ०.२५ मिलिमीटरने वाढली तर हे तापमान सुमारे १० अंश सेल्सियसने चढते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या वेळी नोंदलेले तापमान, फिरण्याचा वेग आणि इंधन यांचा आलेख ठेवला, की इंजिन कधी उतरवावे लागेल याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी येतो. कॉम्प्रेसर पाण्याने धुतल्यावर त्या आलेखात काही अंश परत मिळालेले स्पष्ट दिसतात. आलेखात अचानक पायरी दिसली तर त्याच दिवशी आत पाहायला हवे.

परंतु एकाच पात्यातल्या तड्याबद्दल हा आलेख मूक असतो. तडा गेलेल्या पात्याचे वजन कमी झालेले नसते, त्यामुळे असमतोल निर्माण होत नाही आणि कंपनमापकाला कळण्यासारखे काही घडत नाही. त्याचा आकारही बदललेला नसतो, म्हणून तापमान आणि इंधन जिथल्या तिथे राहते. कंपन वाढते ते तुकडा निसटल्यावर. आपल्या वीज केंद्रात बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानातील फरक ज्वलनकक्षाबद्दल पुष्कळ सांगतो आणि डिस्कच्या, म्हणजे पाती ज्या चकतीत बसतात तिच्या, बाजूच्या पोकळीतील तापमान थंड हवा आणि सीलबद्दल सांगते, पण ही दोन्ही मापे पात्याच्या मुळाशी वाढणारा तडा दाखवत नाहीत. आवरणात बसवलेल्या संवेदकांनी प्रत्येक पात्याचे टोक नेमके कोणत्या क्षणी समोरून गेले हे मोजण्याची पद्धत आहे. ती एकेका पात्याचे थरथरणे ओळखू शकते आणि चाचणी केंद्रांत तसेच काही मोठ्या वीजनिर्मिती यंत्रांत वापरली जाते. तिला मी उपयुक्त मानतो, परंतु तिच्या जोरावर प्रत्यक्ष तपासणी रद्द करण्याचे धाडस मी करणार नाही.

साउथवेस्ट एअरलाइन्सच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणाचे उदाहरण घ्या. १७ एप्रिल २०१८ रोजी न्यूयॉर्कहून डॅलसला जाणाऱ्या बोइंग ७३७ विमानाच्या सीएफएम५६-७बी इंजिनातील २४ पंखा-पात्यांपैकी, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या पंख्याच्या पात्यांपैकी, एक पाते मुळाशी, म्हणजे डिस्कच्या खाचेत बसणाऱ्या डव्हटेलपाशी, तुटले. इंजिनाच्या आवरणाचा भाग निखळून खिडकीवर आदळला आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्या पात्याने ३२,००० हून अधिक आवर्तने पूर्ण केली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात धातूच्या थकव्याने वाढलेला तडा आढळला, आणि २०१२ च्या ओव्हरहॉलमध्ये केलेल्या रंगद्रव्य तपासणीत तो बहुधा सुटला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्याच विमान कंपनीच्या दुसऱ्या विमानात ऑगस्ट २०१६ मध्ये असेच पाते तुटले होते. त्यानंतर या पात्यांच्या मुळाची तपासणी अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींच्या) आणि एडी करंट (धातूत निर्माण केलेल्या विद्युत प्रवाहाच्या) पद्धतीने होऊ लागली, कारण पृष्ठभागावर रंग उमटण्याची वाट पाहणाऱ्या पद्धतीपेक्षा या पद्धती अशा जागी अधिक लहान तडा पकडतात.

याहून अधिक बोलके उदाहरण युनायटेड एअरलाइन्सच्या ११७५ क्रमांकाच्या उड्डाणाचे आहे. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जाणाऱ्या बोइंग ७७७ च्या प्रॅट अँड व्हिटनी पीडब्ल्यू४०७७ इंजिनाचे आतून पोकळ असलेले टायटॅनियमचे पंखा-पाते तुटले. विमान सुखरूप उतरले. या पात्यांची तपासणी थर्मल अकूस्टिक इमेजिंगने होत असे. या पद्धतीत पात्याला ध्वनिलहरींनी कंप दिला जातो, आत तडा असेल तर त्याच्या दोन भिंती एकमेकींवर घासून तापतात, आणि अवरक्त कॅमेऱ्यात त्या जागी उष्णतेचा ठिपका उमटतो. तपासात जुनी चित्रे काढली गेली, तेव्हा २०१० आणि २०१५ या दोन्ही वेळच्या चित्रांत नेमक्या त्याच जागी ठिपका दिसला. २०१५ मध्ये तो रंगातील दोष समजला गेला आणि पाते सेवेत परतले. ही तपासणी ‘नवे, विकसित होत असलेले तंत्र’ या गटात ठेवलेली असल्याने तपासनिसांसाठी औपचारिक प्रशिक्षणक्रमच आखलेला नव्हता, हेही तपासात पुढे आले.

माझ्या मते पात्यांच्या देखभालीचा सगळा गाभा या एका घटनेत आहे. यंत्राने खूण पकडली होती. माणसाने तिला पटण्यासारखे कारण दिले आणि ते कारण तपासून पाहिले नाही. रंगाचा दोष असेल तर रंग काढून पुन्हा चित्र घ्यावे. ठिपका गेला तर रंग, राहिला तर तडा. खुणेचे कारण सांगणे आणि खुणेचा निकाल लावणे यांत एवढेच अंतर असते, आणि ते अंतर शॉपमध्ये कामाच्या घाईत सर्वांत आधी गळून पडते.

बोरस्कोपच्या पडद्यावर हाच प्रश्न रोज उभा राहतो. उच्च दाबाच्या रोटरला बाहेरून सावकाश फिरवत एकेक पाते समोर आणले जाते, पहिल्या पात्याची निशाणी ठरवून मोजणी ठेवली जाते, आणि एखाद्या पात्यावर काळी बारीक रेघ दिसते. ती तडा आहे, काजळीची रेघ आहे, लेपातली भेग आहे की थंड हवेच्या छिद्राची सावली आहे? प्रकाशाची दिशा बदलली की सावली सरकते. काजळीच्या रेघेचे काठ भुरकट असतात आणि ती कुठेही थांबते. तडा बहुधा छिद्राच्या कडेपासून किंवा काठापासून निघतो आणि त्याचे टोक निमुळते होत जाते. लेपातली भेग आणि धातूतला तडा यांत फरक करणे सर्वांत कठीण असते, आणि तिथे शेजारच्या पात्यांवर त्याच जागी काय आहे ते पाहावे. रेघेची दिशाही महत्त्वाची आहे. लांबीच्या दिशेने जाणारी रेघ ओढीला समांतर असते, आडवी रेघ तिला छेदते, आणि आडव्या तड्याला मी कधीही मुदत मागत नाही. निर्णय काहीही होवो, चित्र त्याच कोनातून आणि तितक्याच अंतरावरून घेऊन पात्याच्या क्रमांकासह जपून ठेवावे, म्हणजे पुढच्या माणसाला तुलना करता येईल. ‘किरकोळ खूण, मर्यादेत’ एवढीच नोंद असलेला अहवाल पुढच्या तपासणीत निरुपयोगी ठरतो.

तपासणीचा कालावधी ठरतो तो तडा पकडता येण्याजोगा होण्यापासून तो घातक होण्यापर्यंत किती आवर्तने मिळतात यावरून, आणि त्या काळात किमान दोनदा तरी पाहण्याची संधी मिळावी असा प्रयत्न असतो. हा हिशेब गृहीतकांवर उभा असतो. युनायटेडच्या ११७५ क्रमांकाच्या उड्डाणानंतर त्या पंखा-पात्यांसाठी ६,५०० आवर्तनांचा कालावधी ठरवला गेला होता. २० फेब्रुवारी २०२१ रोजी डेन्व्हरहून निघालेल्या युनायटेडच्या ३२८ क्रमांकाच्या उड्डाणात त्याच प्रकारचे पाते मागील तपासणीनंतर २,९७९ आवर्तनांतच तुटले, आणि मग पुढच्या उड्डाणाआधीच तपासणी सक्तीची झाली. काही वेळा तपासणी वाढवून भागत नाही. आपल्याकडे इंडिगो आणि गोएअर यांच्या ए३२० निओ विमानांतील पीडब्ल्यू११००जी इंजिनांच्या कमी दाबाच्या टर्बाइनमधील तिसऱ्या टप्प्याची पाती तुटू लागली, तेव्हा उपाय म्हणून त्या पात्यांचा धातूच बदलण्यात आला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इंडिगोला सुधारित इंजिने बसवण्याची मुदत घालून दिली.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर भागानुसार बदलते. स्थिर मार्गदर्शक पात्यांवर फिरण्याची ओढ नसते, म्हणून त्यांतील तडे स्वच्छ करून ब्रेझिंगने (कमी तापमानाला वितळणारा दुसरा धातू ओतून) किंवा वेल्डिंगने भरले जातात आणि ती पुष्कळ काळ सेवा देतात. फिरणाऱ्या तप्त पात्याच्या टोकावर ओढ कमी असते, तिथे घासलेला धातू लेसरने किंवा वेल्डिंगने पुन्हा चढवता येतो. मुळाजवळ मात्र वेल्डिंगचा विचारही करू नये. ज्या निकेल मिश्रधातूंत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम अधिक असते, ते वेल्ड करताना तडकतात.

लेप बदलण्याची किंमत बाहेरून दिसत नाही. जुना लेप आम्लाने उतरवताना त्याच्याखाली धातूत मुरलेला थर, म्हणजे पात्याच्या भिंतीचाच काही भाग, निघून जातो. त्यामुळे भिंत प्रत्येक वेळी पातळ होते आणि किती वेळा लेप उतरवावा याला मर्यादा पडते. एकस्फटिकी पात्यांत, म्हणजे अख्खे पाते एकाच स्फटिकाचे ओतलेले असते अशा पात्यांत, आणखी एक धोका आहे. अशा पात्यावर कुठे ठोक बसला असेल किंवा वाळूचा मारा जोरात झाला असेल, आणि मग ते १,३०० अंशांच्या आसपास तापवले, तर त्या जागी नवे लहान स्फटिक तयार होतात. स्फटिकांमधल्या ज्या सीमा टाळण्यासाठी एवढ्या खटाटोपाने एकच स्फटिक ओतला, त्याच सीमा दुरुस्तीने परत येतात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. ते ओतकाम किती अवघड आहे हे जाणणारा माणूस दुरुस्तीच्या टेबलावर त्या पात्याला हातोडी लागू देणार नाही.

कोकण किनाऱ्यावरील उरण किंवा दाभोळसारख्या ठिकाणच्या यंत्रांसाठी एक गोष्ट खास सांगावीशी वाटते. समुद्राचे मीठ आणि इंधन किंवा हवेतील गंधक यांच्यापासून सोडियम सल्फेट बनते आणि ते ६५० ते ७५० अंशांच्या पट्ट्यातही धातू खाते. हे तापमान पात्याच्या तप्त भागावर नसते, प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे पाते आणि मूळ यांमधल्या आडव्या पट्टीच्या, खालच्या, तुलनेने थंड आणि अनेकदा लेप नसलेल्या भागात असते. त्यामुळे पात्याचा वरचा भाग स्वच्छ दिसला म्हणून समाधान मानू नये. पाती काढली असतील तेव्हा मुळाचा आणि त्याच्या वरच्या मानेचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहावा, हिरवट-करडे फोड आणि खड्डे शोधावेत, आणि हवेचे गाळणे व सील यांची स्थिती त्याच वेळी तपासावी.

दुरुस्त पात्यांचा संच घेताना दुरुस्ती करणाऱ्या शॉपकडून प्रत्येक पात्याच्या क्रमांकासह चार गोष्टी लेखी मागाव्यात: लेप आजवर किती वेळा उतरवला, ठरलेल्या बिंदूंवर भिंतीची अल्ट्रासोनिक जाडी किती आहे, आतील मार्गांतून हवेचा प्रवाह किती मिळाला, आणि आधीच्या चालण्याचे एकूण तास व सुरू-बंदच्या आवर्तनांची संख्या किती. या चारपैकी एक जरी माहिती ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर ते पाते पहिल्या टप्प्यात बसवू नये, आणि संचाची किंमत ठरवताना ते पाते मोजणीतून वगळावे.